शेवटचे दोन मैल: नांदेड-लातूरच्या कार्यालयीन गाडीचा इतिहास

कार्यालयीन गाडी कार्यालयाच्या, कारखान्याच्या किंवा कंपनीच्या पैशाने येते, पण ओळखली जाते एका हुद्द्याच्या नावाने: तहसीलदारांची जीप, चेअरमनची अ‍ॅम्बॅसेडर, मॅनेजरसाहेबांची सुमो. कागदावर ती फक्त कामासाठी असते. प्रत्यक्षात मुलांची परीक्षा, घरचे लग्न, तुळजापूरची वारी आणि रात्रीबेरात्रीचा दवाखाना, सगळीकडे तिचा उपयोग होत आला आहे. युरोपात या दुहेरी कामासाठी इस्टेट कार नावाचा प्रकार रूढ झाला. कुटुंबाच्या साध्या गाडीचे छत मागे डिक्कीवरून सरळ ओढून घ्यायचे, मागे उभा दरवाजा बसवायचा, म्हणजे पाच माणसे आणि त्यांचे सामान एकाच गाडीत मावते. तेथे कंपनीची गाडी निवडणे म्हणजे बऱ्याचदा अशा दोन-तीन सारख्याच इस्टेट गाड्यांमधून एक निवडणे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हा आकार जवळजवळ आलाच नाही. काम मात्र तेच होते, आणि ते करणाऱ्या गाड्या पिढीगणिक बदलत गेल्या.

गाडीची निवड या भागात प्रथम जमिनीने ठरवली. दोन्ही जिल्ह्यांचा मोठा भाग काळ्या कापसाच्या मातीचा आहे. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टाकलेला रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. लातूरच्या बाजूला बालाघाटाचे चढउतार, नांदेडच्या उत्तरेला किनवट-माहूरचे जंगल, मध्ये मांजरा, मन्याड, लेंडी, पैनगंगा आणि गोदावरीची खोरी. त्यात अंतरे मोठी. नांदेडच्या जिल्हाधिकारी कार्यालयातून माहूरला जायचे तर शंभरावर किलोमीटर जावे लागते. जिल्हामार्ग बहुधा बरा असे. खरी कसोटी फाट्यापासून गावापर्यंतच्या शेवटच्या दोन मैलांत लागे. स्वातंत्र्यानंतरची पन्नास वर्षे गाडीची निवड त्या दोन मैलांनीच केली.

निजामी राजवटीत अव्वल तालुकदारापासून (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यापासून) गिरदावरापर्यंत (मंडळ निरीक्षकापर्यंत) सारे अधिकारी घोड्यावर किंवा बैलांच्या दमणीतून दौरा करत. मुक्काम डेऱ्यात किंवा गावच्या चावडीत असे. रेल्वेने मोठी अंतरे जोडली: १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज गाडी नांदेडहून मनमाडपर्यंत धावू लागली आणि १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद वाट लातूरला पोचली. निजाम सरकारने जून १९३२ मध्ये रेल्वेच्याच खात्यातून २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांनिशी रस्तेवाहतूक सुरू केली. पण स्टेशन आणि बसथांबा यांच्यापुढचा प्रवास बैलांवरच राहिला. मोटार म्हणजे नवाबाची किंवा मोठ्या व्यापाऱ्याची वस्तू. कामाचे साधन म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि जिल्ह्यांच्या सीमा हलल्या. किनवट आदिलाबादमधून नांदेडला आले. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदरमधून उस्मानाबादला आले. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ ला उस्मानाबादमधून वेगळा झाला. १९५६ च्या फेरबदलाने जिल्ह्यांना लांबचे, रस्ते नसलेले तालुके मिळाले, आणि त्याच दशकात सरकारचे काम महसूल वसुलीपुरते न राहता विकासाचे झाले. २ ऑक्टोबर १९५२ ला सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाने गटविकास अधिकारी हे पद आणले. त्याच्याबरोबर जीप आली.

जीप युद्धातली गाडी. महिंद्र कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास अमेरिकेच्या विलीस कंपनीच्या परवान्याने मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे सुटे भाग देशातच बनवले. बसायला ती अत्यंत गैरसोयीची होती. कापडी टप, बाजूने येणारी धूळ, पाट्यांच्या स्प्रिंगांचे धक्के. पण चारही चाकांना जोर लावता येई, पोट जमिनीपासून उंच होते, आणि इंजिन इतके उघडे की पान्यांचा एक संच असला की ड्रायव्हर रस्त्यातच दुरुस्ती करी. मागे ट्रेलर जोडला की बियाणे, पाइप, लसीकरणाच्या पेट्या, निवडणुकीच्या मतपेट्या सारे जाई. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर जीप हे सरकार गावात आल्याचे चिन्हच झाले. धूळ दिसली की साहेब येत असल्याचे गावाला कळे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामांवर हजेरी तपासायला, धान्य पोचवायला आणि पाण्याच्या विहिरी अधिग्रहित करायला याच गाड्या उन्हात फिरल्या. मराठवाड्याच्या विकासाचा इतिहास लिहिताना या साधनाची दखल फारशी घेतली जात नाही; ती घ्यायला हवी.

पाटबंधारे खात्याने जीपला सर्वाधिक राबवले. नांदेडचे शंकरराव चव्हाण राज्याचे पाटबंधारे मंत्री आणि पुढे दोनदा मुख्यमंत्री झाले. जायकवाडी, विष्णुपुरी, ऊर्ध्व पैनगंगा ही नावे त्यांच्या काळाशी जोडलेली आहेत. धरण आणि कालव्यांचे सर्वेक्षण म्हणजे रस्ता नसलेल्या जागी रोज जाणे. दुर्बीण, साखळ्या, खुंट्या, चार मजूर आणि एक उपअभियंता एवढे सामान घेऊन नाल्यातून जाणारी दुसरी गाडी त्या काळी देशात मिळत नव्हती.

शहरी हुद्द्यांसाठी मात्र निवड करावी लागे, आणि ती दोन गाड्यांमध्येच. हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसेडर १९५७-५८ पासून बंगालमधील उत्तरपाड्याला बनत होती. मूळ नमुना इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. दुसरी फियाट, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी गाडी. १९७० च्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळाले. दोन्हींना वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी होती. फियाट पेट्रोल कमी पिई, शहरात चपळ होती, आणि डॉक्टर, वकील, अडत व्यापारी यांची ती आवडती. सरकारी कार्यालये आणि कारखाने अ‍ॅम्बॅसेडरकडे वळले. तिचा मागचा बाक तीन माणसांना ऐसपैस होता, डिक्कीत होल्डॉल, फायली आणि पाण्याची घागर मावे, आणि खड्ड्यांत तिचा सांगाडा टिके. पुढे तिला डिझेल इंजिनही मिळाले. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, पोलीस अधीक्षक यांना अ‍ॅम्बॅसेडर आणि तहसीलदार, गटविकास अधिकारी, उपअभियंता यांना जीप, अशी वाटणी पक्की झाली. सीटवर पांढरा टॉवेल, खिडक्यांना पडदे, पुढे छोटा पंखा ही सजावट त्याच काळातली.

अ‍ॅम्बॅसेडरची इस्टेट आवृत्तीही निघाली होती. पण इस्टेटच्या मागच्या भागाचा फायदा चांगल्या रस्त्यावर जास्त सामान नेण्यापुरता. शेवटच्या दोन मैलांत ती साध्या अ‍ॅम्बॅसेडरइतकीच अडे. जिथे साधी गाडी पुरेशी होती तिथे लांब गाडीची गरज नव्हती, आणि जिथे सामान खरोखर न्यायचे होते तिथे जीप आणि मॅटॅडोर होत्या. इस्टेटच्या पुढच्या प्रत्येक प्रयत्नाच्या अपयशाचे कारण बव्हंशी याच गणितात सापडते.

सहकारी साखर कारखान्यांनी कार्यालयीन गाडीला सरकारबाहेरचा पहिला मोठा मालक दिला. लातूरजवळचा मांजरा, किल्लारीचा, निलंगा तालुक्यातील अंबुलग्याचा, नांदेड जिल्ह्यातील कलंबर आणि वाघलवाड्याचा, अशा कारखान्यांत गाड्यांचे दोन थर असत. अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक यांची गाडी मुंबई-पुण्याच्या खेपांसाठी. शेतकी अधिकाऱ्याची जीप उसाच्या नोंदी, तोडणी आणि टोळ्यांसाठी. लातूरहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर, नांदेडहून त्याहून जास्त. मंत्रालयातले काम आटोपून रात्रभर प्रवास करून परतायचे असे. त्यामुळे अध्यक्षांच्या गाडीत मागे झोपता येणे, दिवे चांगले असणे आणि वाटेत कुठेही मिस्त्री मिळणे या तीन गोष्टी वेगापेक्षा महत्त्वाच्या होत्या.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि डिझेलची ओढ वाढली. महिंद्रच्या जीपमध्ये आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातले आणि १९८० च्या दशकात फ्रान्सच्या पेजो कंपनीच्या परवान्याचे डिझेल इंजिन आले. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा तालुक्याचा मिस्त्री आता जीपही दुरुस्त करू लागला. हे लहान वाटणारे कारण निवडीत फार वजनदार ठरले. लांब केलेली कमांडर जीप आणि पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स या गाड्या कार्यालयात आल्या, आणि त्यांचीच भावंडे काळी-पिवळी होऊन फाट्याफाट्यावर प्रवासी भरू लागली. ड्रायव्हर, सुटे भाग आणि कारागिरी दोन्हींकडे एकच. मारुती ८०० ही १९८३ ची गाडी शहरातल्या कुटुंबांनी आनंदाने घेतली, पण दौऱ्याच्या कामाला ती लहान पडली. मारुतीची जिप्सी १९८५ ला आली. ती मुख्यतः पोलीस आणि सैन्याकडे गेली, कारण पेट्रोलवर चालणारी ही गाडी इतर कार्यालयांना परवडत नव्हती.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली, औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावेच्या गावे मातीत गेली. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला आणि ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. त्या वर्षांत अभियंते, वास्तुरचनाकार, स्वयंसेवी संस्था, देशीपरदेशी पाहणी पथके लातूरला मुक्कामी असत. एका गाडीत सात-आठ माणसे, नकाशांच्या गुंडाळ्या, कॅमेरे, पाणी, आणि दिवसात सहा गावे असा दौरा चाले. जीप या कामाला उघडी पडे आणि अ‍ॅम्बॅसेडर अपुरी.

नेमक्या याच काळात, १९९४ मध्ये, टाटांची सुमो बाजारात आली. कंपनीचे जुने प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या नावातली आद्याक्षरे जोडून हे नाव केले होते. पुढे तीन, मध्ये तीन, मागे समोरासमोर चार अशी दहा माणसे, पत्र्याचे बंद छत, दोन लिटरचे डिझेल इंजिन आणि मालवाहू गाडीचा मजबूत सांगाडा. तिच्यात जीपची कणखर बांधणी आणि मोटारीची बंद, कोरडी बैठक एकत्र आली. पावसात कागद भिजत नव्हते, आणि अधिकारी धुळीने माखून गावात उतरत नव्हता. महिंद्रने १९९३ मध्येच आर्माडा काढली होती, पण नांदेड-लातूरच्या कार्यालयांत सुमोने बाजी मारली. रविवारी तीच गाडी दोन कुटुंबांना घेऊन तुळजापूर, माहूर किंवा औंढ्याला जाई. युरोपातल्या इस्टेटचे संपूर्ण काम मराठवाड्यात सुमोने केले, असे म्हणायला हरकत नाही.

विशेष म्हणजे खरीखुरी इस्टेट टाटांनीच त्याआधी, १९९२ मध्ये, ‘टाटा इस्टेट’ याच नावाने आणली होती. पाच माणसांची, मागे प्रशस्त सामानाची जागा असलेली, डिझेलवर चालणारी, दिसायला देखणी. किंमत सामान्य गाडीहून बरीच जास्त होती आणि दहा माणसे नेणारी सुमो दोन वर्षांत शेजारी उभी राहिली. ज्या भागात दौऱ्याला निघालेल्या गाडीत तलाठी, ग्रामसेवक आणि वाटेत भेटलेला सरपंच यांनाही घ्यायचेच असते, तिथे सामानाच्या जागेपेक्षा जास्तीचा बाक मोलाचा. मारुतीची बलेनो अल्टुरा आणि टाटांची २००४ ची इंडिगो मरीना यांनीही तोच प्रयत्न केला. देशभर त्या थोड्याच विकल्या गेल्या आणि बंद झाल्या.

जानेवारी २००० मध्ये टोयोटाची क्वालिस आली. इंडोनेशियातल्या जुन्या किजांग गाडीवरून घडवलेला तिचा आकार जुनाट होता आणि वाहनविषयक नियतकालिकांनी तिच्या रूपाला नावे ठेवली. पण तिचे इंजिन शांत होते, ती बिघडत नव्हती, आणि मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला लातूर ते मुंबई प्रवासानंतर पाठ धरल्याचे जाणवत नव्हते. फेब्रुवारी २००५ मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. तोवर सुमो, क्वालिस, महिंद्रची २००० ची बोलेरो, २००२ ची स्कॉर्पिओ, शेव्हरलेची टवेरा अशा एकमेकींसारख्या गाड्यांतून निवड करण्याची वेळ पहिल्यांदाच आली. वाटणी पुन्हा हुद्द्याने झाली. इनोव्हा अध्यक्ष, कुलगुरू आणि आमदार यांची; स्कॉर्पिओ तरुण पुढाऱ्यांची; बोलेरो तहसील आणि पोलीस ठाण्याची. २००८ मध्ये नांदेडला शिखांच्या गुरुता गद्दीची त्रिशताब्दी साजरी झाली, शहरातले रस्ते रुंद झाले, विमानतळ सुरू झाला आणि भाविकांना नेणाऱ्या टूरिस्ट गाड्यांतही इनोव्हा मोठ्या संख्येने दिसू लागली.

या निवडीत सर्वांत जाणते मत ड्रायव्हरचे असे. खरेदीचा प्रस्ताव आस्थापना शाखा करी, मंजुरी वरून येई, पण कोणत्या गाडीचा क्लच किती टिकतो, पाटा कुठे तुटतो, लॉगबुकात लिहिण्याजोगे अ‍ॅव्हरेज खरोखर किती पडते हे त्यालाच माहीत असे. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूची माळ घालणारा आणि नारळ फोडणाराही तोच. ज्या कार्यालयांनी त्याचे ऐकले त्यांच्या गाड्या जास्त वर्षे चालल्या, कारण तिथे वापर आणि निवड यांच्यात अंतर पडले नाही.

२५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने शेवटचे दोन मैल हळूहळू डांबरी केले. तुळजापूर-औसा-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड असा पुढे नागपूरकडे जाणारा मार्ग राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला. रस्त्याची अडचण कमी झाल्यावर गाडीची निवड मातीवरून कागदावर सरकली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना अबकारी करात सवलत दिली. कंपन्या गाड्या कापू लागल्या. टाटांनी इंडिगोची डिक्की छाटून २००८ मध्ये आखूड आवृत्ती आणली. बोलेरोलाही २०१६ मध्ये चार मीटरच्या आत बसणारे रूप आणि दीड लिटरचे इंजिन मिळाले. इस्टेट हा प्रकारच लांबीवर उभा असल्याने या नियमानंतर त्याला भारतात फारशी जागा उरली नाही.

आयकराने दुसरी रेषा आखली. कंपनीची गाडी काम आणि घर दोन्हींसाठी वापरणाऱ्या नोकरदाराच्या उत्पन्नात २००९ च्या नियमांनी १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी दरमहा १,८०० रुपये, त्यावरच्या इंजिनासाठी २,४०० रुपये आणि ड्रायव्हरचे ९०० रुपये धरले. इनोव्हा रेषेच्या वर पडली. एप्रिल २०१२ मध्ये आलेली मारुतीची एर्टिगा खाली. राज्याच्या एकरकमी वाहनकरातही कंपनीच्या नावावरील गाडीला व्यक्तीच्या गाडीपेक्षा जास्त, २० टक्के दर आहे. डाळमिल, तेलगिरणी किंवा बियाण्यांच्या व्यवसायातले मालक म्हणूनच गाडी अनेकदा स्वतःच्या नावावर घेतात. २०१७ च्या वस्तू व सेवा कराने प्रवासी गाडीवर भरलेल्या कराची वजावट बहुतेक व्यवसायांना नाकारली, त्यामुळे महाग गाडीचा कर थेट खर्चात जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा चार मीटरच्या आतली डिझेल बोलेरो १८ टक्क्यांत आणि लांब एर्टिगा ४० टक्क्यांत गेली.

सरकारी कार्यालयांनी मधल्या काळात खरेदीऐवजी भाड्याचा मार्ग धरला. निविदा निघते, महिन्याचे किलोमीटर ठरतात, आणि पिवळ्या पाटीची गाडी ‘महाराष्ट्र शासन’ असा फलक लावून उभी राहते. गाडीचा मालक बहुधा लहान ट्रॅव्हल्स व्यावसायिक असतो. त्याला भाड्याच्या गाडीवर आयकरात ३० टक्के घसारा मिळतो, स्वतःच्या वापराच्या गाडीवर तो १५ टक्के असतो. १ मे २०१७ पासून टपावरचे लाल दिवे उतरल्याने अधिकाऱ्याची गाडी दुरून ओळखू येईनाशी झाली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली आणि तालुक्याच्या आवारात टायर बसलेल्या अवस्थेत उभ्या असलेल्या शेवटच्या जीपगाड्या मोडीत निघाल्या. राज्य सरकारने २०२२ पासून नवी शासकीय वाहने विजेवरचीच घेण्याचा निर्णय केला होता. शंभर किलोमीटर दूरच्या तालुक्यात दिवसभर फिरून परतायचे असेल तर चार्जिंगची सोय हा आता नवा शेवटचा मैल आहे.

एप्रिल २०२० च्या प्रदूषण निकषांनंतर मारुतीने डिझेल सोडले. आज लातूरच्या खासगी कंपनीत विभागीय व्यवस्थापकासाठी निवड व्हायची तर यादीत एर्टिगा, तिचेच टोयोटाचे रूप असलेली रुमियन, २०२२ ची किआ कॅरेन्स आणि बोलेरो निओ असतात. पहिल्या दोन तर एकाच साच्यातल्या. फरक हमी, सेवाकेंद्राचे अंतर आणि गाडी हातात पडेपर्यंतच्या प्रतीक्षेचा. चार माणसे आणि सामान असे ठरल्यास तिसरा बाक पाडून मागे इस्टेटइतकीच जागा होते, आणि गरज पडली की तोच बाक उभा करता येतो. लातूर-नांदेड महामार्गावर या गाड्या समाधानाने चालतात. किनवट, माहूर, देगलूर, जळकोटच्या बाजूला मात्र वनखाते, महसूल आणि वीज वितरणाच्या दारात अजून बोलेरोच उभी दिसते: मागे पाट्यांची स्प्रिंग, सांगाड्यावर बसवलेली, टपावर कॅरिअर, आणि आत सात माणसे.